मधली सुट्टी नसलेली शाळा

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या, तेव्हा शासन, शिक्षक आणि पालक यांच्यापुढे अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल हे प्रश्न उभे राहिले आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांची, कमीअधिक यशाने, उत्तरेही शोधली गेली. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही मोहीम निघाली, सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका दाखवली जाऊ लागली, 'दीक्षा' ॲपवरून धडे पोहोचू लागले, आणि जिथे परीक्षा घेता आली नाही तिथे गुण देण्याची सूत्रे ठरली. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी शाळा आणखी एक मोठे काम करते: समवयस्कांना रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, कुणाचीही वेगळी परवानगी न मागता भेटण्याची सोय ती करून देते. त्या काळाच्या चर्चेत या कामाचा विचार जवळजवळ झालाच नाही. तासिका घरी पोहोचल्या, पण मधली सुट्टी पोहोचली नाही. आणि किशोरवयातील मैत्री ज्या वेळात घडते ती वेळ प्रामुख्याने मधल्या सुट्टीचीच असल्यामुळे, त्या दोन वर्षांत या वयाच्या मनांवर काय गुदरले हे समजून घेण्यासाठी तिथूनच सुरुवात करावी लागते.

ही सुरुवात एका शहरापासून करू. आजचे छत्रपती संभाजीनगर त्या वेळी औरंगाबाद या नावाने ओळखले जात होते. नावातील बदलाला केंद्राची मान्यता फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली. हे शहर मराठवाड्यातील किशोरवयीनांचे फार मोठे एकत्र येण्याचे ठिकाण आहे, हे त्याच्या औद्योगिक किंवा ऐतिहासिक ओळखीत अनेकदा झाकले जाते. जालना, बीड, परभणी, बुलढाणा इथून अकरावी-बारावीसाठी आणि प्रवेश परीक्षांच्या क्लाससाठी आलेली मुले औरंगपुरा, समर्थनगर, उस्मानपुरा या भागांत खोल्या घेऊन राहतात, मेसचा डबा लावतात आणि घरापासून पहिल्यांदाच दूर असल्यामुळे एकमेकांनाच घर मानतात. वाळूज औद्योगिक वसाहतीच्या आसपास, बजाजनगर आणि रांजणगाव शेणपुंजीसारख्या वस्त्यांमध्ये, उत्तर प्रदेश-बिहारपासून विदर्भापर्यंतच्या कामगारांची मुले एका बाकावर बसतात. जुन्या शहरात, किराडपुरा, गुलमंडी, शहागंज या परिसरात, मराठी, उर्दू आणि दखनी हिंदी बोलणाऱ्या मुलांची मैत्री शाळेपेक्षा गल्लीत अधिक रुजते. २२ मार्चचा जनता कर्फ्यू आणि २५ मार्चपासूनची देशव्यापी टाळेबंदी या तिन्ही जगांवर एकाच वेळी आली, पण तिचा परिणाम सर्वत्र एकसारखा झाला नाही.

हा फरक समजण्यासाठी आधी या वयातील मैत्रीचे स्वरूप पाहायला हवे. जागतिक आरोग्य संघटना दहा ते एकोणीस वर्षे या वयाला किशोरावस्था म्हणते. या काळात आईवडिलांवरचे भावनिक अवलंबन कमी होत जाते आणि ती जागा हळूहळू समवयस्क घेतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी, त्यांच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथात, असे मांडले होते की बालपण संपता संपता जुळणारी एखादी जिवलग मैत्री हा माणसाचा स्वतःकडे दुसऱ्याच्या नजरेतून पाहण्याचा पहिला अनुभव असतो. आपल्यासारखेच दुसऱ्यालाही वाटते हे मुलाला तिथे कळते, आणि घरात बसलेल्या काही चुकीच्या समजुती दुरुस्त होण्याची संधीही तिथेच मिळते. आईवडिलांचे भांडण, शरीरात होणारे बदल, मासिक पाळीची भीती, परीक्षेत कमी पडण्याची लाज, कुणाबद्दल तरी वाटू लागलेली ओढ, या गोष्टी आपल्याकडे बहुतेक घरांत मोठ्यांशी बोलल्या जात नाहीत, त्यामुळे मैत्रिणीपाशी किंवा मित्रापाशी त्या बोलता येणे ही मनाच्या आरोग्याची पहिली, आणि पुष्कळदा एकमेव, व्यवस्था असते.

रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले. जवळचे, मनातले सांगता येईल असे एकही माणूस नसणे हा भावनिक एकटेपणा, आणि आपण ज्यात मिसळून जाऊ असा गट, टोळके किंवा वर्तुळ नसणे हा सामाजिक एकटेपणा. हा भेद इथे फार उपयोगी पडतो, कारण टाळेबंदीत कुटुंबे चोवीस तास एकत्र होती, घरे माणसांनी भरलेली होती, तरी किशोरवयीनांना दोन्ही प्रकारचा एकटेपणा जाणवू शकत होता. एका खोलीत सहा माणसे असली, तरी मनातली गोष्ट बोलायला जागा नसते. उलट ती सहाही माणसे ऐकत असल्यामुळे फोनवरही ती बोलता येत नाही. 'घरात एवढी माणसे असताना तुला एकटे कसले वाटते' हा त्या काळात अनेक घरांत विचारला गेलेला प्रश्न प्रामाणिक होता, आणि मुलांना त्याचे उत्तर देता येत नव्हते हेही खरे.

सहवासाची ही ओढ मनाची चैन नाही, याला मेंदूविज्ञानातूनही दुजोरा मिळतो. लिव्हिया टोमोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चाळीस प्रौढ व्यक्तींना दहा तास पूर्णपणे एकटे ठेवले, आणि त्यानंतर माणसे एकत्र असल्याची छायाचित्रे पाहताना त्यांच्या मध्यमेंदूतील ज्या भागात हालचाल दिसली, त्याच भागात दहा तास उपाशी राहिल्यानंतर अन्नाची छायाचित्रे पाहतानाही ती दिसली. प्रौढांची दहा तासांत ही अवस्था होत असेल, तर समवयस्कांच्या सहवासाची गरज आयुष्यात सर्वांत तीव्र असते त्या वयात काही महिन्यांचा विरह काय करू शकतो, या प्रश्नाकडे टोमोव्हा, एमी ऑर्बन आणि सारा-जेन ब्लेकमोर यांनी त्याच वर्षी एका लेखातून लक्ष वेधले होते.

त्या काळाची सर्वांत ठळक खूण ज्या मुलांवर राहिली, ती म्हणजे २०२० साली दहावीला असलेली तुकडी. त्यांचा सामाजिक शास्त्रांचा दुसरा, म्हणजे भूगोलाचा, पेपर २३ मार्चला होता. तो आधी पुढे ढकलला गेला, मग १२ एप्रिलला रद्द झाला आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून दिले गेले. गुणांच्या दृष्टीने हा निर्णय रास्तच होता. परंतु दहावीच्या शेवटच्या पेपरला मराठी मुलांच्या आयुष्यात असलेले स्थान केवळ चाळीस गुणांचे नसते. त्या दुपारी उत्तरपत्रिका दिल्यानंतर मुले केंद्राच्या फाटकाबाहेर थांबतात, गणवेशाच्या पांढऱ्या सदऱ्यावर पेनाने एकमेकांची नावे लिहितात, कुणी रसवंतीवर किंवा आइस्क्रीमच्या गाडीवर जाते, कुणी पहिल्यांदा कॅनॉटच्या बाजारापर्यंत मित्राच्या दुचाकीवरून जाते, दहा वर्षे एका वर्गात असूनही कधी न बोललेली मुले त्या दिवशी बोलतात, आणि कोण कोणत्या कॉलेजला जाणार, कोण गावी परतणार, कुणाचे आता शिकणे थांबणार, हे बोलता बोलता कळते. निरोपाची ही रीत कुणी शिकवलेली नसते, पण दहा वर्षांच्या सहवासाला शेवट देण्याचे काम ती करते. २०२० च्या तुकडीला ती मिळाली नाही. त्यांची शाळा सुट्टी लागावी तशी सुटली आणि परत भरलीच नाही.

याच तुकडीचे पुढचे पाऊलही अडखळत पडले. ९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिल्यानंतर अकरावीच्या प्रवेशांची प्रक्रिया थांबली, आणि वेळ जात असल्यामुळे नोव्हेंबरच्या आरंभी प्रवेश पूर्ण होण्याआधीच अकरावीचे ऑनलाइन वर्ग सुरू करण्यात आले. नववी ते बारावीचे प्रत्यक्ष वर्ग राज्यात २३ नोव्हेंबरपासून भरू लागले. औरंगाबाद शहरात हा मुहूर्त जानेवारी २०२१ पर्यंत लांबला, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसरी लाट येताच दारे पुन्हा बंद झाली. त्यानंतर ४ ऑक्टोबर २०२१ पर्यंत शहरातील वर्ग रिकामेच होते. म्हणजे नवीन कॉलेज, नवीन शिक्षक आणि नवीन मित्र हे ज्या वर्षी मिळायचे त्या वर्षी या मुलांनी आपल्या वर्गमित्रांचे चेहरे नखाएवढ्या चौकटीत पाहिले, तेही कॅमेरा सुरू असेल तर. मार्च २०२२ मध्ये ही मुले बारावीच्या लेखी परीक्षेला बसली, तेव्हा बोर्डाची पूर्ण परीक्षा देण्याचा त्यांचा तो पहिलाच प्रसंग होता. शेजारच्या बाकावरचा मुलगा आपल्याच वर्गातला आहे, हेही अनेकांना तिथेच कळले असेल.

शहराच्या काही भागांत बंदिवास अधिक कडक होता. एप्रिल-मे २०२० मध्ये नूर कॉलनी, आसेफिया कॉलनी, किराडपुरा, भीमनगर-भावसिंगपुरा, संजयनगर-मुकुंदवाडी, पुंडलिकनगर ही नावे रोजच्या बातम्यांत येऊ लागली. गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकले गेले, आणि ज्या वस्त्यांमध्ये घर लहान असल्यामुळे किशोरवयाचे सारे जगणे ओट्यावर, गल्लीत, पाण्याच्या नळापाशी घडते, तिथे नेमके तेच बंद झाले. मोठ्या बंगल्यातील मुलाला स्वतःची खोली होती आणि गच्ची होती. दहा बाय बाराच्या खोलीतील मुलाला गल्ली हीच खोली होती. १४ एप्रिलची डॉ. आंबेडकर जयंती त्या वर्षी भीमनगरात घरात साजरी झाली आणि मे अखेरची रमजान ईद किराडपुऱ्यात घरात. मिरवणुकीची तयारी, ढोल-लेझीमचा सराव, ईदच्या दिवशी नव्या कपड्यांत मित्रांच्या घरी शिरखुर्म्यासाठी केलेली फेरी, या गोष्टींमधून वर्षभराची मैत्री ताजी होत असते, हे सणांच्या चर्चेत क्वचितच लक्षात घेतले जाते. १० ते १८ जुलै या नऊ दिवसांत तर सारे शहरच पुन्हा कडकडीत बंद राहिले.

त्याच उन्हाळ्यात वाळूज परिसरातील परप्रांतीय कामगारांची कुटुंबे, मिळेल त्या साधनाने, गावाकडे निघून गेली. ती जाताना शाळा बंद होत्या, त्यामुळे वर्गातून एखादे मूल कायमचे गेले हे इतर मुलांना दीड वर्षाने, हजेरी पुन्हा सुरू झाल्यावरच समजण्याची वेळ आली. मित्र नाहीसा होतो पण त्याच्याशी तुटले असे कधी घडलेलेच नसते, अशा विरहाचा शोक करणे मोठ्यांनाही जमत नाही.

शाळेची जागा फोनने घेतली, असे सर्रास म्हटले गेले. ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले, असे शिक्षणाच्या स्थितीचा आढावा घेणारी 'असर'ची पाहणी सांगते. म्हणजे अनेक घरांत पहिला स्मार्टफोन शाळेसाठीच आला. परंतु तो फोन आला कसा आणि राहिला कुणाकडे, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. वर्गाचा व्हॉट्सॲप गट तयार होत असे तो पालकांच्या क्रमांकांवर. वडील कामावर निघाले की फोनही निघे, आणि गटावर सकाळी आलेला गृहपाठ रात्री आठनंतर मुलाच्या हाती पडे. गटात साठ क्रमांक असत, पण सुप्रभातचे संदेश आणि फालतू गप्पा टाळाव्यात म्हणून बहुतेक ठिकाणी गटाची मांडणीच अशी केलेली असे की फक्त ॲडमिनला लिहिता यावे. ऑनलाइन तासिकेतही प्रवेश करतानाच सगळ्यांचे माइक बंद केले जात. शिक्षकांच्या दृष्टीने हे समजण्यासारखे होते, कारण साठ घरांतला कुकर, टीव्ही आणि भांडण एकाच वेळी ऐकू आले तर शिकवणार कसे? तरीही परिणाम असा झाला की साठ मुले रोज एकत्र येत होती आणि त्यांतील एकालाही शेजारच्याशी बोलता येत नव्हते. प्रत्यक्ष वर्गात फळ्याकडे पाठ वळताच जे कुजबुजणे होते, वहीच्या मागच्या पानावर जी चिठ्ठी लिहिली जाते, डब्यातली भेंडी देऊन शेजारणीची शेंगदाण्याची चटणी घेतली जाते, त्यातले काहीही या वर्गात शक्य नव्हते.

मुलांनी यावर आपापल्या वाटा काढल्या. पालकांना ठाऊक नसलेले वेगळे गट झाले, खेळाच्या ॲपमधील संवादाची सोय गप्पांसाठी वापरली गेली, आणि २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जीवर बंदी आली तेव्हा अनेक मुलांच्या दृष्टीने खेळाबरोबर रात्रीचा कट्टाही मोडला. त्याआधी जूनअखेर टिकटॉक गेले होते. या दोन्ही बंदींच्या कारणांची चर्चा इथे अप्रस्तुत आहे. परंतु खेळताना मुले एकमेकांशी काय बोलतात हे ऐकले असते, तर 'पोरगं दिवसभर गेम खेळतं' या तक्रारीखाली दडलेली भेटीची भूक पालकांना दिसली असती.

मुलींची गोष्ट इथे वेगळी होते आणि ती अधिक काळजीने सांगायला हवी. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत, ग्रामीण भागातील चौदा ते अठरा वर्षांच्या आणि स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते. टाळेबंदी सैल झाल्यावर मुलगा गल्लीच्या कोपऱ्यावर, पारावर, दुकानाच्या फळीवर जाऊन बसू शकला. मुलीला बाहेर जाण्यासाठी कारण लागते, आणि शाळा हे मराठवाड्यातील खेड्यांत मुलीला मिळालेले एकमेव सर्वमान्य कारण आहे. ते कारण गेल्यावर ती घरकामात, धाकट्या भावंडांत आणि रानातल्या कामात ओढली गेली. फोन हाती आला तरी तो भावाच्या किंवा आईच्या नजरेखाली आला आणि 'कुणाशी बोलतेस' या प्रश्नासह आला.

गावात सातवीपर्यंत शाळा असते, पुढच्या शिक्षणासाठी मुलीला मोठ्या गावी किंवा तालुक्याला जावे लागते आणि ते जाणे एसटीवर अवलंबून असते. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो तो अहिल्याबाई होळकर योजनेतून, आणि मानव विकास कार्यक्रमातील तालुक्यांत मुलींसाठी स्वतंत्र बसही धावतात. सिल्लोड, पैठण, कन्नड किंवा फुलंब्रीच्या रस्त्यावर सकाळी कोणत्याही फाट्यावर पाहिले, तर गणवेशातील मुलींचे घोळके गाडीची वाट पाहत उभे दिसतात. गाडी उशिरा येणे ही प्रवासी म्हणून तक्रारीची गोष्ट आहे, पण त्या मुलींच्या दिवसातील घर आणि शाळा या दोन्हींच्या देखरेखीबाहेरचा अर्धा-पाऊण तास तिथेच असतो. एका खिडकीशेजारी कोण बसायचे, कुणासाठी पिशवी ठेवून जागा धरायची, कुणाशी आजपासून बोलायचे नाही, हे सारे तिथे ठरते. मैत्रीला लागणारी फुरसत त्यांना शाळेच्या मधल्या सुट्टीत मिळते आणि त्याहून जास्त एसटीत मिळते.

टाळेबंदीत एसटी थांबली, आणि २० ऑगस्ट २०२० पासून आंतरजिल्हा वाहतूक पुन्हा सुरू झाली, तरी शाळाच बंद असल्याने विद्यार्थिनींच्या फेऱ्यांना अर्थ उरला नव्हता. पुढे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग उघडले आणि वर्षभर तुटलेले धागे जुळू लागले, तोच ऑक्टोबरअखेर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, नोव्हेंबरमध्ये तो राज्यभर पसरला आणि एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कर्मचारी कामावर परतेपर्यंत बहुतेक गाड्या आगारातच उभ्या होत्या. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांमागे त्यांच्या स्वतःच्या संसाराची ओढाताण होती, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या मुलींच्या घरी दुचाकी नव्हती किंवा होती तर ती भावाच्या ताब्यात होती, त्यांच्यासाठी महासाथीचा एकांत आणखी सहा महिने वाढला. खासगी जीपने पाठवायला पैसे लागत आणि धीरही लागे. शाळाबंदीचा कालावधी मोजताना शासकीय तारखांवर थांबले, तर या मुलींचे एक शैक्षणिक वर्ष हिशेबातून निसटते.

याच पोकळीत लग्ने ठरली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांमध्ये अठरा वर्षांआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के, तर औरंगाबाद जिल्ह्यात ३५ टक्क्यांहून अधिक होते. शेजारच्या बीडमध्ये ते ४३.७ आणि परभणीत ४८ टक्के होते. ही आकडेवारी आधीच्या वर्षांतील लग्नांचीही आहे, म्हणून ती सर्वस्वी टाळेबंदीच्या माथी मारता येणार नाही. मात्र शाळा बंद, उत्पन्न आटलेले, पन्नास माणसांत लग्न उरकण्याची सोय आणि मुलगी दिवसभर घरात, ही परिस्थिती लग्न लवकर लावण्याला पोषक होती हे उघड आहे. त्यात ऊसतोडीचे गणित मिसळते: नवराबायकोच्या जोडीला मुकादम 'कोयता' म्हणून उचल देतो, त्यामुळे लग्न झाले की कमावता कोयता तयार होतो. पैठण, कन्नड तालुक्यांतील तांड्यांवरून आणि वस्त्यांवरून दरवर्षी दिवाळीच्या आसपास जी कुटुंबे कारखान्यांकडे निघतात, त्यांच्या मुलांना मित्रांपासून सहा-सहा महिने तुटण्याचा अनुभव कोरोनाच्या आधीपासूनचा आहे आणि नंतरचाही. त्यांच्या एकटेपणाला महासाथ म्हणावे असे मात्र कुणाला वाटले नाही.

बालविवाह रोखण्याच्या संदर्भात मैत्रीचे एक काम क्वचितच नोंदले जाते. १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकाला किंवा शिक्षकाला खबर देणारी व्यक्ती पुष्कळदा त्या मुलीची वर्गमैत्रीण असते, कारण साखरपुड्याची साडी आली हे शिक्षकाच्या आधी तिला कळते. वर्ग भरत असेल तर 'ती तीन दिवस आली नाही' ही गोष्टच इशारा ठरते. वर्ग भरतच नसेल तेव्हा अनुपस्थिती दिसत नाही, आणि ज्या मैत्रिणीला ठाऊक असते तिच्या हाती फोन नसतो. शासनाने मार्च २०२२ मध्ये शाळांमध्ये 'सखी सावित्री' समित्या नेमण्याचा निर्णय काढला आणि बालविवाह रोखणे हे त्यांच्या कामांत धरले, हे स्वागतार्ह आहे. समितीतील मोठ्यांना वर्गातल्या मुलींचा विश्वास मिळवता आला, तरच त्यांच्यापर्यंत बातमी वेळेवर पोहोचेल.

एकटेपणाचे मनावरील परिणाम किती काळ टिकतात, याचा शोध मारिया लोड्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये घेतला. आधी झालेल्या ६३ अभ्यासांचा, म्हणजे पन्नास हजारांहून अधिक मुलांच्या माहितीचा, त्यांनी आढावा घेतला, तेव्हा एकटेपणा आणि पुढे येणारे नैराश्य यांचा संबंध नऊ वर्षांपर्यंत दिसत असल्याचे, आणि एकटेपणा किती तीव्र होता यापेक्षा तो किती काळ टिकला याचा संबंध अधिक घट्ट असल्याचे आढळले. मराठवाड्यातील मुलींच्या वाढलेल्या एकांताचा विचार या निष्कर्षाच्या प्रकाशात व्हायला हवा. नऊ वर्षांचा हिशेब धरला, तर २०२० मधील चौदा वर्षांची मुलगी तेविशीत येईपर्यंत आपली जबाबदारी संपत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशातील विद्यार्थ्यांच्या आत्महत्या २०२० मध्ये १२,५२६ आणि २०२१ मध्ये १३,०८९ होत्या, आणि दोन्ही वर्षी महाराष्ट्राचा आकडा (१,६४८ आणि १,८३४) राज्यांत सर्वाधिक होता. प्रत्येक अशा मृत्यूमागे अनेक कारणे गुंतलेली असतात आणि केवळ एकटेपणाशी त्याचा सांधा जोडणे चुकीचे ठरेल. पण अडचणीतील मूल पहिल्यांदा बोलते ते मित्राशी, त्यामुळे मित्रापर्यंतचा रस्ता बंद असणे ही गंभीर बाब आहे. युनिसेफने २०२१ च्या आरंभी २१ देशांत केलेल्या पाहणीत, मानसिक अडचणीत इतरांची मदत घेणे चांगले असे मानणाऱ्या तरुणांचे प्रमाण सरासरी ८३ टक्के होते, भारतात ते ४१ टक्के होते. मोठ्यांकडे, त्यातही डॉक्टरांकडे, जाण्याची इतकी अढी असलेल्या समाजात समवयस्कांचा आधार हा तात्पुरता उपाय म्हणून कमी लेखता येत नाही. सेवांची स्थिती पाहिली तर राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे उभी राहिली, मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतील एकही आले नाही. आठ जिल्ह्यांतील गरीब कुटुंबांचा भार औरंगाबादच्या शासकीय घाटी रुग्णालयाच्या आणि जिल्हा रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांवरच राहिला. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही मोफत सेवा मराठीतही मिळते, हे शाळेच्या फलकावर लिहून ठेवण्याजोगे आहे.

मैत्री नेहमीच बरे करते, असेही नाही. दोन मैत्रिणींनी एकच दुःख पुन्हा पुन्हा उगाळत बसण्याच्या सवयीला अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये सहचर्वण या अर्थाचे नाव दिले आणि दाखवले की त्यामुळे मैत्री घट्ट होते, पण मनाची उदासीही वाढू शकते. टाळेबंदीतील रात्रीचे लांबलेले चॅट पुष्कळदा याच वळणावर गेले असणार, कारण मध्येच खेळायला बोलावणारा तिसरा कुणी नव्हता आणि तास संपल्याची घंटाही नव्हती. तसेच काही मुलांना शाळाबंदीने दिलासा दिला. जातीवरून, दिसण्यावरून, बोलण्याच्या ढंगावरून वर्गात रोज टोमणे झेलणाऱ्या मुलाला घर सुरक्षित वाटले, आणि त्याच्या बाबतीत चिंतेची वेळ शाळा उघडण्याची होती. या मुलांना समोर ठेवले की शाळेची मधली सुट्टी नुसती परत देऊन भागत नाही, तिच्यात काय घडते याकडे लक्ष द्यावे लागते हे कळते.

शाळा उघडण्याआधीच लक्ष गेले ते पुन्हा अभ्यासाकडे. १ जुलै २०२१ पासून मागील इयत्तेची उजळणी करून घेणारा ४५ दिवसांचा 'सेतू' अभ्यासक्रम राबवला गेला, आणि तो आवश्यकच होता. पण शाळा उघडल्यावर, दीड वर्षाने भेटणाऱ्या मुलांना एकमेकांशी बोलायला लावणारा एकही तास त्या धावपळीत बहुतेक ठिकाणी सापडला नाही. संसर्गाच्या भीतीने डबा एकत्र खाण्यास, खेळास आणि एका बाकावर दोघांनी बसण्यास मनाई होती, म्हणजे शाळा उघडली तरी मधली सुट्टी बंदच होती. एनसीईआरटीने २०२२ च्या पहिल्या तीन महिन्यांत देशभरातील पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे आपल्या चिंतेचे कारण सांगितले. परतल्याबरोबर मुलांसमोर काय वाढून ठेवले होते, हे त्यावरून दिसते.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून देशात आहे आणि त्यात गावातील मुलामुलींनाच 'साथिया' म्हणून प्रशिक्षण देऊन समवयस्कांशी आरोग्याबद्दल बोलायला तयार करण्याची कल्पना आहे. प्राथमिक शाळांच्या वरच्या वर्गांत मीना-राजू मंच आहेत. या योजनांचा पाया योग्य आहे, कारण मूल मुलाशी बोलते हे त्यांनी ओळखले आहे. उणीव आहे ती त्यांना मिळणाऱ्या वेळेची. पुढची साथ, पूर किंवा संप आला तर शाळेला काही साध्या गोष्टी आधीच ठरवून ठेवता येतील: प्रत्येक वर्गाच्या गटात दिवसातून अर्धा तास मुलांना लिहिण्याची मोकळीक, फोन नसलेल्या मुलींसाठी एकाच वस्तीतील चार-पाच जणींचे पारावर किंवा अंगणवाडीच्या ओट्यावर भेटणे, आणि गाव सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुलाचा पत्ता वर्गातील दोघांकडे असणे. २०२० च्या पावसाळ्यात मराठवाड्यातील अनेक शिक्षकांनी झाडाखाली, मंदिरात, समाजमंदिरात पाच-सहा मुलांचे वर्ग भरवले होते ते शिकवण्यासाठी. मुले तिथे वेळेआधी येत आणि वर्ग सुटल्यावर बराच वेळ रेंगाळत, आणि ज्या शिक्षकांनी त्यांना रेंगाळू दिले त्यांनी त्या वर्षी या मुलांच्या मनासाठी उपलब्ध असलेले सर्वांत मोठे काम केले.